कापलेले सतरा, जाळलेले चौदा

अकरा वर्षं झाली, देवराव दुर्गे आडवे होऊन झोपलेले नव्हते. पाठीशी तीन उशा, उशांमागे भिंत आणि तोंड उघडं, अशी त्यांची झोप. डोळा लागला की तोंड मिटायचं, तोंड मिटलं की श्वास अडायचा आणि श्वास अडला की दचकून जाग यायची. सुरुवातीला बायको धुरपता उठून पाठ चोळून द्यायची. पुढे तीही थकली आणि कूस बदलायला शिकली. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. दुसऱ्याच्या झोपेसाठी माणूस किती वर्षं जागणार?

देवराव चंद्रपूरच्या एका दवाखान्यात ड्रेसर होते, आणि तेही नेमके कान-नाक-घशाच्या विभागात. विभाग म्हणजे दोन खोल्या आणि आठ खाटा. नाकाच्या दवाखान्यात नोकरी आणि स्वतःचंच नाक बंद, यावरून लोकांनी त्यांची हौस फिटेपर्यंत थट्टा करून घेतली होती. पण बंद नाकाने त्यांना एक मोठेपणही दिलं होतं. नाकात अळ्या पडलेला पेशंट आला की भलेभले दाराबाहेर उभे राहत. देवराव मात्र पेशंटच्या तोंडाजवळ तोंड नेऊन चिमट्याने एकेक अळी काढत बसत, आणि कपाळावर आठी म्हणून नसे. नव्या नर्सबायांना तर हा माणूस संतच वाटायचा. आपल्याला कसला वासच येत नाही, हे देवरावांनी कधी कुणाला खुलासेवार सांगितलं नाही. नाक बंद आहे एवढंच लोकांना ठाऊक. फुकटात पदरात पडलेलं मोठेपण कोण परत करतो?

डॉक्टर सुमन भोयर नागपूरहून चौऱ्याऐंशी साली इथे आल्या. त्या आल्या आणि इतकी वर्षं थेंबांवर नि वाफेवर भागवणाऱ्या लोकांच्या नाकांची ऑपरेशनं होऊ लागली. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसाच्या पाळ्या असतात. त्या एकदा फुगल्या आणि फुगलेल्याच राहिल्या, की नाक कायमचं बंद. मग दोनच वाटा उरतात. एक, ती पाळी कात्रीने कापून टाकायची. दुसरी, विजेवर तापवलेल्या तारेने ती जाळून आकसवायची. भोयर मॅडम दोन्ही करत. दोन वर्षांत त्यांनी एकतीस जणांची नाकं उघडली होती. वॉर्डाच्या भाषेत कापलेले सतरा, जाळलेले चौदा.

आता एप्रिलमध्ये नागपूरला डॉक्टरांचं संमेलन होतं, आणि दोन्हींपैकी कुठल्या ऑपरेशनने मागाहून जास्त त्रास होतो, हे मॅडमना तिथे सांगायचं होतं. अडचण एकच. जाळलेल्यांपैकी बरेच जण नाक पुन्हा चोंदलं म्हणत परत येत. कापलेला एकही परत येत नसे.

"जे येत नाहीत ते बरे झाले असं धरलं, तर माझं काम आजच संपेल," मॅडम म्हणाल्या. "पण असं धरता येत नाही, देवरावभाऊ. कोणीतरी घरी जाऊन बघायला हवं."

"जातो मी," देवराव म्हणाले. "पन मॅडम, मोजनी झाली का माहंबी एक करून टाका. जे चांगलं निघंल ते."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. वर्षभर त्याच त्यांना ऑपरेशन करून घ्या म्हणत होत्या, आणि देवराव टाळत होते. दोन्ही ऑपरेशनांतलं रक्त त्यांनी रोज पुसलं होतं. घाबरायला तेवढं पुरेसं आहे. मॅडमनी ऑपरेशनच्या वहीत मार्चमधल्या पहिल्या गुरुवारी लिहिलं, दुर्गे देवराव, वय एक्कावन्न. पुढचा रकाना, जिथे कापणे की जाळणे ते लिहायचं, तो रिकामा ठेवला.

मग तीन आठवडे देवराव एसटीने हिंडले. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, नाकात बघायचं चिमट्यासारखं यंत्र, साधा चिमटा आणि एकतीस छापील कागद. कागदावर पाच प्रश्न. रक्त आलं का, नाक आतून चिकटलं का, पुन्हा बंद झालं का, खपल्या धरतात का, आणि शेवटचा, नाकाला घाण वास येतो का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, असं मॅडमनी दोनदा बजावलं होतं. "पेशंटला विचारू नका, त्याला कळत नाही. घरच्यांना विचारा, आणि तुम्हीही जवळ बसून बघा," असं त्यांनी सांगितलं. देवरावांनी मान हलवली. त्या वेळी त्यांनी तोंड उघडायला हवं होतं. पण गुरुवार ठरला होता, प्रवासभत्ता मंजूर झाला होता, आणि संताने संतपण सोडायची ती वेळ नव्हती असं त्यांना वाटलं असावं.

बल्लारपूरला स्टेशनावरचा हमाल जंगू भेटला. तो जाळलेला.

"आठ महिने राजावानी झोपलो, भाऊ," जंगू म्हणाला. "मंग हळूहळू जैसे थे. आता पुन्हा येऊन राह्यलो तुमच्याकडं."

देवरावांनी लिहिलं, पुन्हा बंद.

पोंभुर्ण्याला रामाजी भेटला. तो कापलेला. दीड वर्ष झालं होतं. देवराव त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, टॉर्च मारून नाकात पाहिलं. आत ऐसपैस जागा. दोन-तीन काळपट खपल्या होत्या, पण वारा कसा सरळ आत-बाहेर करत होता.

"झोप लागते?"

"पडलो का सकाळच," रामाजी हसला. "नाक म्हंजे मोकळं वावर झालं पाहा."

देवरावांना त्या माणसाचा इतका हेवा वाटला की पुढचा प्रश्न विचारायला थोडा वेळ लागला. रामाजीची बायको दाराच्या चौकटीत पदर तोंडाशी धरून उभी होती. देवरावांना ते जुन्या वळणाचं वाटलं. तिला त्यांनी विचारलं, "बाई, यायच्या नाकाचा काई घान वास येते का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बसलेल्या देवरावांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "नाई जी," ती म्हणाली. "बेस हाय."

असंच सगळीकडे झालं. सिरोंच्याला गोदावरीच्या काठी एक कापलेला कोळी जाळं विणत बसला होता. त्याच्याशी बोलताना त्याचा भाऊ चार हात दूर वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिथूनच तेलुगूचं मराठी करून सांगत राहिला. त्यालाही विचारलं. तोही म्हणाला, काही नाही.

तिसरा आठवडा संपताना तीस कागद भरले होते. जाळलेल्या चौदांपैकी आठांचं नाक पुन्हा बंद, दोघांचं आतून चिकटलेलं. कापलेल्या सोळांपैकी तिघांना ऑपरेशननंतर वॉर्डातच खूप रक्त गेलेलं, पाच जणांना खपल्या, पण पुन्हा बंद एकही नाही. घाण वास, शून्य. कापणंच बरं, हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रविवारी देवराव धुरपताला म्हणाले, "गुरुवारनंतर दोन उशा माळ्यावर टाकून देजो."

 संध्याकाळी धुरपताने माळा झाडून ठेवला.

शेवटचा कागद नीलाबाईचा होता. गडचिरोलीचा जिल्हा वेगळा झाला तरी तिकडचं नाक-कान दुखणारं माणूस अजून चंद्रपूरलाच यायचं. आलापल्लीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून दोन कोस आत मोरटोला नावाची पंधरा घरांची वस्ती. ऑपरेशनच्या वेळी नीलाबाईला तिच्या मुलाने, इसरूने, खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं. धाप इतकी होती की चालवत नव्हतं. तिला कापून सोळा महिने झाले होते.

सोमवारी दुपारी देवराव तिथे पोचले तेव्हा अंग मोडून आलं होतं. इसरूने पाणी दिलं, खाट टाकली. सून रुखमा डोक्यावरचा पदर सारखा करत बाजूला उभी राहिली.

"माय कुठी हाय?"

इसरूने हाताने दाखवलं. "वावरात राह्यते."

वावराच्या टोकाला एक लहान झोपडी होती. कुडाची माती अजून नवी दिसत होती. नीलाबाई बाहेर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. साठीची बाई, पण तोंड मिटून श्वास घेत होती. देवरावांना आधी तेच दिसलं. ते तिच्या शेजारी मांडी घालून बसले. टॉर्च मारली. आत भलं मोठं भुयार, आणि भिंतींना हिरव्या-काळ्या खपल्या पार मागपर्यंत. त्यांनी कागदावर लिहिलं, खपल्या, थोड्या जास्त.

नीलाबाईने तीन दगडांच्या चुलीवर कोरा चहा ठेवला. तिला बोलायची भूक होती. देवरावांना नुसतं बसायची होती. त्यामुळे दोघांचं छान जमलं.

"झोप लागते का, बाई?"

"झोप लय लागते, भाऊ. झोपीचं काई दुखनं नाई." तिने काडी मोडून पानात टोचली. "पन माहं मन नाई लागत इथी. पैले नाती माह्याच गोधडीत झोपत. आता एकबी येत नाई. सून भाकर आनते, तिथी दगडावर ठेवते आन् जाते. दिवाईच्या टायमाले पोरानं हे झोपडं बांधलं. म्हने, वावर राख. वावरातलं तर कवाच घरी गेलं. मी काय राखून राह्यली?"

"असंते एकेकाचं," देवराव म्हणाले. म्हाताऱ्या माणसांची घराघरातली गाऱ्हाणी त्यांना नवी नव्हती. आज तर ऐकून घ्यायचंही त्राण नव्हतं.

"माही काई चूक झाली का, थे तरी सांगा म्हटलं. कोनी सांगत नाई."

देवरावांनी चहा संपवला. मग का कोण जाणे, गुरुवारचं तिला सांगितलं. अकरा वर्षांचं, तीन उशांचं, सगळंच. नीलाबाई पानं खाली ठेवून ऐकत राहिली.

"करून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "झोप लय मोठी गोष्ट हाय."

ते तिच्याजवळ चांगले दोन घंटे बसले. तेवढ्यात रुखमा एकदा वावराच्या बांधापर्यंत आली, त्यांना पाहून थबकली आणि परत गेली. निघताना देवरावांनी घरी थांबून तिला आणि इसरूला नेहमीचा प्रश्न विचारला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बेस हाय जी," इसरू म्हणाला. देवरावांनी शून्य मांडलं आणि पिशवीचा बंद ओढला. मोजणी संपली.

इसरू त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती, पायाखाली मोडत होती.  रस्ता दिसायला लागल्यावर इसरू म्हणाला,

"भाऊ, तुमचं मन लय मोठं हाय. तुमी मायजवळ दोन घंटे बसले. आमच्याच्यानं अर्धा घंटा नाई बसवत."

"काऊन?"

इसरू चालता चालता थांबला. आधी त्याला वाटलं देवराव मस्करी करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहून तो गोंधळला.

"वासानं जी," तो म्हणाला. "मेलेल्या ढोरासारखा वास येते तिच्या नाकातून. पोरी ओकल्या एकदा. म्हनून तर झोपडं बांधलं. तुमाले नाई आला?"

देवराव रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले. 

"मग तुमी सांगतलं काऊन नाई? आता विचारलं तवा?"

"सांगनारच होतो," इसरू म्हणाला. त्याच्या आवाजात आता भीती होती. "पन तुमी तिच्या तोंडाशी तोंड नेलं, चहा पेला, तोंड वाकडं नाई केलं. रुखमीनं पाह्यलं बांधावरून. आमाले वाटलं, दवाखान्यातले मोठे जानकार, यायले काई वाटलं नाई म्हंजे ऑपरेशन झाल्यावर असंच होत असंल. बरोबरच असंल. मंग आमी कायले सांगावं? मायच्या मांगं तिची घान काढल्यासारखं होते."

देवरावांच्या डोळ्यांपुढे पोंभुर्ण्याची बाई उभी राहिली, पदर तोंडाला लावून. सिरोंच्याचा तो भाऊ, वाऱ्याच्या बाजूला. चौकटीत उभे राहिलेले, अंगणातच खाट टाकणारे, पाणी हात लांब करून देणारे. सगळ्यांनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं आणि मग उत्तर दिलं होतं. लोक खोटं बोलले नव्हते. त्यांच्या शांत चेहऱ्यानेच सगळ्यांना सांगून टाकलं होतं की यात वावगं काही नाही.

"इसरू," ते म्हणाले, "माहं नाक बंद हाय. अकरा वर्षं. मले कायचाच वास येत नाई."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.  लांबून एसटी आली, दिवसातली शेवटची. कंडक्टरने दार उघडलं. देवरावांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि दोघं आल्या वाटेने परत फिरले. देवरावांना त्या वेळी स्वतःची मनापासून लाज वाटत होती, आणि त्याच वेळी कुठेतरी आडवं पडावंसंही वाटत होतं. इतके ते थकले होते.

घरी येऊन त्यांनी रुखमाला मीठ घालून पाणी कोमट करायला सांगितलं. मडकं घेऊन स्वतःच वावरात गेले. नीलाबाईच्या समोर बसले आणि सरळ सांगून टाकलं.

"बाई, तुमची काई चूक नाई. आमी ऑपरेशनात मांस जरा जास्त कापलं. नाक आतून सुकून गेलं, खपल्या सडते, त्याचा वास येते. ज्याचं नाक, त्याले थो कळत नाई. बाकीच्यायले कळते. म्हनून पोरी येत नाई."

नीलाबाईचे हात पानांवर तसेच राहिले. तिने एकदा घराकडे पाहिलं.

"वास येते म्हून?" तिने विचारलं. "मी करनी केली असं नाई ना वाटलं कोनाले?"

"नाई, बाई."

"मले वाटे, मनानंच टाकलं मले." ती पदराने डोळे पुसायला लागली, आणि पुसताना हसलीही. इतके महिने तिने जे काही सोसलं होतं त्यापुढे नाक सडणं ही तिला बरी बातमी वाटत होती. देवरावांना ते बघवेना. ते कामाला लागले.

कामात मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. ओंजळीतलं मिठाचं पाणी नाकाने वर ओढायचं, खपली भिजू द्यायची, शिंकरायचं, राहिलेली चिमट्याने हळूच सोडवायची. एक खपली बोटाएवढी लांब निघाली. इसरू आधी बांधावर उभा होता, मग अर्ध्यावर आला, मग पाणी ओतायला जवळ बसला. तासाभराने नाक आतून लालसर, ओलं दिसायला लागलं. देवरावांनी सांगितलं, हे रोज दोनदा करावं लागेल. बहुतेक कायमचंच. वर दोन थेंब ग्लिसरीनचे, ती बाटली ते पाठवून देतील.

नीलाबाईने नाक टिपलं. "करीन जी. पन मले तर वास येत नाई. आज येते का गेला, मले कसं समजावं?"

 याचं उत्तर देवरावांना तर मुळीच देता आलं नसतं.

रुखमा मागे येऊन उभी राहिली होती. ती खाली बसली, सासूच्या अगदी तोंडाजवळ गेली आणि लांब श्वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांचे डोळे लागले.

"अजून थोडा हाय," ती म्हणाली. "पन आधीसारखा नाई. मी रोज सकाळी सांगत जाईन."

मंगळवारी देवराव चंद्रपूरला परतले ते थेट मॅडमच्या खोलीत गेले. एकतीस कागदांची चळत टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्वतःच्या नाकाचंही.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत राहिल्या. त्याही रोज शंभर पेशंट बघत होत्या. संमेलन त्यांच्यासाठी नागपूरला परत जायचं दार होतं, हे साऱ्या दवाखान्याला माहीत होतं.

"म्हणजे शेवटचा रकाना खोटा," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मी विचारायला हवं होतं. अळ्या काढताना तुम्हाला रोज बघत होते, आणि कौतुक करत होते." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "उद्या ठमाबाईला घेऊन जा."

ठमाबाई ही वॉर्डातली आया. संडासात कुणी विडी ओढली तर कुठल्या छापाची ते ती जिन्यावरून सांगायची. बुधवारी देवराव तिला घेऊन निघाले. चार घरं झाली, दोन शहरातली, एक बल्लारपूरचं, पण जंगूचं नव्हे, आणि चौथं पोंभुर्ण्याच्या रामाजीचं. चार कापलेले. ठमाबाई प्रत्येक घरात आत जायची, दोन मिनिटं बसायची आणि बाहेर येऊन बोटाने खूण करायची. शहरातल्या दोघांना काही नव्हतं. बल्लारपूरच्याला वास होता. रामाजीच्या घरून तर ती लवकरच बाहेर आली आणि विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. रामाजीची बायको तिच्या मागोमाग आली आणि देवरावांकडे पाहत हळूच म्हणाली, "तुमालेबी येत होता नं? मी म्हटलं, तुमीच बोलंल."

तिथेही देवरावांनी मीठ-पाण्याचं समजावून सांगितलं. 

बुधवारी संध्याकाळी मॅडमनी रामाजीच्या आणि बल्लारपूरच्या कागदांवरचं शून्य खोडलं. नीलाबाईचं देवरावांनी स्वतःच खोडलं होतं. पाच बघितले, त्यांत तीन. उरलेल्या बारांचं अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नागपूरला मी हेच सांगणार आहे," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण पाळी कापू नका म्हणून. आणि सगळ्यांना परत बोलवायचं, धुवायला शिकवायचं. त्याला वर्ष जाईल." त्यांनी ऑपरेशनची वही ओढली. गुरुवारचं पान उघडलं. देवरावांच्या नावापुढचा रकाना अजून रिकामाच होता. "उद्याचं काय करायचं? तुमची पाळी मी पूर्ण कापणार नाही. पुढचा भाग तेवढा, बाकी ठेवीन. नाक मोकळं राहील."

"थोडं कापलं तर मागून काय होते, हे कोनी मोजलं हाय का, मॅडम?"

"इथे नाही."

देवराव स्टुलावर बसले. गेल्या तीन दिवसांत ते प्रवासातच काय ते डुलकले होते. कापलं तर पुढची सगळी वर्षं ते आडवे होऊन झोपले असते, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आणि कधीतरी, त्यांना कळायच्या आतच, धुरपताने त्यांचं अंथरूण ओसरीवर घातलं असतं. ती काही बोलली नसती. तिने कधीच काही बोलून दाखवलं नव्हतं.

"जाळा," ते म्हणाले.

"देवरावभाऊ, चौदांतल्या आठांचं पुन्हा बंद झालंय. तुम्हीच मोजलंत. आठ महिने टिकेल. फार तर वर्ष."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मले झोप पायजे, मॅडम," देवराव म्हणाले. "पन घरात पायजे."

 मॅडमनी रकान्यात जाळणे असं लिहिलं आणि खाली सही केली. देवराव उठले. उद्या पहिलं ऑपरेशन त्यांचंच होतं, आणि अवजारं उकळायची ड्यूटीही त्यांचीच होती.